पाठीवरचं फडकं

कुनमिंग, चीन, जून १९४२

आई,

पाय बरा होतोय, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. कोंबडीची पिल्लं निघाली का?

आपल्या दीडशहाण्या वेंडेलदादाला हे वाचून दाखव. "परक्यांच्या मुलखात कशाला तडमडलास?" असं विचारतोय मला! माझं विमान पडलं, तेव्हा तिथल्या खेड्यातल्या लुओमावशीनं मला पेंढ्यात लपवलं. आम्हा अमेरिकन वैमानिकांच्या जॅकेटवर, पाठीला, चिनी अक्षरांचं फडकं शिवलेलं असतं: 'याला वाचवा.' तिच्या शेजाऱ्यानं ते वाचून दाखवलं, तर मावशी खेकसली, "वाचत काय बसलास? पोराचं रक्त वाहतंय, दिसत नाही?"

परवा जपान्यांनी तिला घरासकट जाळलं. मला लपवलं म्हणून.

आमचे साहेब म्हणतात, "नवं जॅकेट घे आणि कामाला लाग." नव्यावरही तेच फडकं आहे. तिच्या पाठीवर कुणी काय शिवलं होतं, आई?

तुझा संतापलेला,
हार्लन