नरसाळ्यात बसलेली खार

प्रिय बारक्या,

फोनवर माझं सगळं बोलणं 'बरं आहे ना, जेवलास का' यातच आटपतं, म्हणून कागद घेतला. अक्षर गावच्या शाळेतलं आहे, सांभाळून घे.

तुझ्या आईच्या खिडकीसमोर, परसातल्या लोखंडी खांबावर तू पाखरांच्या दाण्यांचा डबा बसवून गेलास, त्याला पाच महिने होतील. बोलता आलं नाही तरी तिला बघता तरी येईल, असं म्हणालास आणि पाना शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलंस. ते मी पाहिलं होतं. तर ती बघते. पाठीला उशा लावून बसवलं की सकाळभर बघत राहते. पाखरू आलं की तिचा डावा हात चादरीवर जरासा उचलतो. तो हात उचलावा म्हणून तर मी कामावर जायच्या आधी डबा भरतो. अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येईलही, न येईलही. हात हलतो तेव्हा मला 'येईल' एवढंच ऐकू येतं.

पण मधे आली एक खार. शेपटीचं टोक तुटकं आहे, त्यावरून ओळखतो. डबा भरून मी चहाला बसेपर्यंत ही वर. अर्धे दाणे खाते, अर्धे उधळते, आणि पाखरं कुंपणावर रांगेत बसून राहतात. आईचा हात चादरीवर तसाच पडलेला. मग मीही हट्टाला पेटलो. कारखान्यातून वंगण आणून खांबाला फासलं. दुसऱ्या दिवशी खार परसाच्या भिंतीवर बसून काळं झालेलं पोट चाटत होती, चाटता चाटता थांबून माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाने दिलेलं स्वच्छ अंग आपण घाण करून ठेवलं. साबणाचं पाणी घेऊन सगळा खांब पुसून काढला.

मग म्हटलं, आपलं हत्यार काढू. सत्तावीस वर्षं पत्रेकाम केलंय, एका खारीला हार जाणार? रविवारी पत्रा कापला, गोल वळवला, सांधा डाख देऊन जोडला आणि डब्याखाली खांबाभोवती बसवला. काम असं बेतशुद्ध झालं की मीच दोनदा मागे सरून पाहिलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, मिस्त्री, खारीला अडवताय की तिला आरामखुर्ची करून देताय? तेव्हा माझी ट्यूब पेटली. जन्मभर नरसाळी केली ना रे! हाताने सवयीने तोंड वर ठेवलं होतं. छत्रीसारखं खाली हवं, ते मी वर केलं. तासाभरात वरून सांडलेले दाणे त्यात जमले आणि बाईसाहेब काठाला पाठ टेकून, पोटावर शेपटी घेऊन जेवायला बसल्या.

तेवढ्यात आत आईच्या घशातून आवाज आला. ठसका लागला म्हणून मी पाण्याचा पेला घेऊन धावलो. ठसका नव्हता. ती हसत होती. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण पूर्ण हसत होती. सात महिन्यांत पहिला आवाज. त्या दिवशी देवापुढे बसलो तर एकही मागणं सुचलं नाही.

आठवडाभर नरसाळं तसंच ठेवलं. पण पाखरं काही उतरेनात, म्हणून परवाच्या रविवारी ते उलटं करून बसवलं. खार चढली, पत्र्याच्या छताला डोकं लागलं, खाली आली. तीनदा. मग भिंतीवर जाऊन बसली. मी आईच्या पलंगाशी बसलो होतो. गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला एकाच झाडाकडे तासभर बघायला लावायचे, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी झाला. खार मान इकडे करी, तिकडे करी, पुढचे पाय भिंतीवर दाबून बघे. ती अंतर मोजत होती, बारक्या. मी टेप लावल्याशिवाय वीतभर पत्रा कापत नाही, आणि ती नुसत्या डोळ्यांनी मोजत होती. मग तिने स्वतःला सोडून दिलं. हवेत तिचे चारही पाय पसरले, तुटकी शेपटी सरळ झाली, अंगाखालून उजेड दिसला. भिंतीपासून डब्यापर्यंत नऊ फूट चार इंच भरतात, नंतर मोजले. ओंजळीत मावेल एवढा जीव! एवढ्याशा देहात इतकी खात्री कुणी भरली असेल?

आणि ती हवेत असतानाच आई ओरडली, तू लहानपणी झाडावर चढलास की ओरडायची तशी. स्पष्ट. "बारक्या, पडशील!"

खार डब्याला लटकली, झोका घेतला आणि खायला लागली. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. तिलाच आपला आवाज ओळखू आला नसावा. त्यानंतर ती पुन्हा बोललेली नाही. पण मी ऐकलंय.

म्हणून हे पत्र. खारीबद्दल फोनवर ऐकून तू जाळीचा नवा डबा पाठवणार आहेस, ज्यात खार शिरूच शकत नाही म्हणे. तो पाठवू नकोस. मी दुसऱ्या खिडकीबाहेर पाखरांची वेगळी सोय करतो. आणि आईला फोन कर. दोन महिने तू तिला का केला नाहीस ते मला कळतं. इकडून नुसता श्वास ऐकून तुला तिकडे काम सुचत नसणार. तरी रविवारी सकाळी कर, मी फोन तिच्या कानाशी धरतो. टॉवरवर चढायची नोकरी आहे हे आईला कळू देऊ नकोस, उगाच घोर लावून घेईल, असं मीच तुला बजावलं होतं. ते आता मागे घेतो. किती उंच चढतोस, वर वारा कसा असतो, खाली बघितलं की काय दिसतं, सगळं तिला सांग. काही लपवू नकोस. मग थोडा वेळ थांब. घाईने ठेवू नकोस. ती तुला रागावेल, अशी मला फार आशा आहे.

तुझाच, खारीपुढे हात टेकलेला,
बाबा