मोजणारा हात

प्रिय लोवेल,

तुझं पत्र सोमवारी आलं आणि आज शनिवार. पाच दिवस ते ब्रेडच्या डब्याखाली ठेवलंय. तू लिहिलंस, "व्हर्ना, माझं नाव मंडळीच्या यादीत परत चढव, मग होमकमिंगच्या रविवारी, सगळी जुनी माणसं चर्चला परततात तेव्हा, येतो. पाहुणा म्हणून मात्र यायचा नाही. माझ्या पियानोवर बसेन आणि माझ्या वॉरनला, इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला, पहिल्या बाकावर बसवेन, बघू कोण उठवतं." एकोणीस वर्षांनी तुझ्या अक्षरात 'येतो' वाचलं, आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

इथलं काय सांगू? लॉरेल फोर्कच्या आपल्या चर्चच्या मंडळीत आता बावीस डोकी उरलीत. तू गेल्यावर महिन्याभरात निम्मी माणसं, तुझी बाजू घेणाऱ्या इनेझबाईंच्या मागोमाग बाहेर पडली, ती बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात उपासना करतात. होमकमिंगला अंगणात अजून लांब टेबलं मांडतो, पण तीन पुरतात, आणि केळ्याचं पुडिंग उरतं. पियानोचं झाकण बंदच आहे. गाणी यंत्रावर लागतात. तरी गाणं सुरू व्हायच्या आधी तू नाकाने एक श्वास घ्यायचास ना, तो मला दर रविवारी ऐकू येतो, अगदी उजव्या कानाशी. वळून बघत नाही. पहिली काही वर्षं बघायचे.

आणखी एक खोड लागलीय. सभेत कुठलाही ठराव मताला आला, छपराची कौलं बदलायची असली तरी, मी उजवा हात मांडीखाली दाबून बसते. नवे पाळक तिशीतले आहेत, मनाने चांगले. म्हणाले, "व्हर्नाबाई, हाताला मुंग्या येतात का हो?" मी म्हटलं, हो.

पपांनी माझा डावा हात खुर्चीला बांधलेला तुला आठवतो का? शास्त्रात तारलेली मेंढरं उजवीकडे आणि नरकात जाणारी शेरडं डावीकडे, माझी पोर डावीकडची नको, असं म्हणायचे. मी उजव्या हाताने अक्षरं गिरवत रडायचे, आणि तू, पाच वर्षांचं चिंगळं, टेबलाखाली शिरून गाठ सोडायचास. पकडला गेलास तेव्हा पट्ट्याचा मार खाल्लास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलीस. शेवटी पपाच कंटाळले. मी आज जे काही लिहिते, मंडळीच्या सभेची वहीसुद्धा, ते तू सोडवलेल्या हाताने.

तुझं नाव काढलं त्या बुधवारच्या सभेचं तुला मी फोनवर सांगितलं होतं, आज पुन्हा लिहिते. बाप्टिस्ट मंडळ्यांच्या असोसिएशनचं पत्र आलं होतं, की ज्या मंडळीच्या यादीत पुरुषाबरोबर घर करून राहणारा पुरुष असेल ती आमच्यातली नाही. तेव्हाच्या ग्रेडी पाळकांनी ते वाचलं आणि पवित्र शास्त्र उंच धरलं. म्हणाले, "हे माझं मत नाही, बाबांनो. यात लिहिलंय, विषय संपला." इनेझबाई काठी टेकत उठल्या. "लिहिलंय तर बरंच काही, ग्रेडी. बायकांनी मंडळीत गप्प बसावं हेही लिहिलंय, आणि रविवारची शाळा चाळीस वर्षं मी चालवते. तेव्हा कुणी पान उघडलं नाही. बाप्टिस्ट माणूस प्रभूपुढे स्वतः उभा राहतो, त्याच्या वतीने आपण नाही." मागून मंडळीचा कारभार बघणारा डीकन हॉबर्ट म्हणाला, "तुम्हाला काय, तुमच्या घरातला नाही तो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू घरी फोनजवळ बसला होतास, मला ठाऊक होतं.

मग मतं झाली. नाव काढावं म्हणणाऱ्यांनी उजवा हात वर करा. पाळक व्यासपीठावरून मोजत होते आणि चिटणीस म्हणून मी बाकावरून. अडतीस. मग विरोधातले हात, सदतीस. तुला मी सांगितलं, की पेन्सिल धरलेला हात वर करून मी माणसं मोजत होते आणि पाळकांनी तोही मतात धरला, नाहीतर बरोबरी होऊन ठराव पडला असता. आणि मी उठून ते दुरुस्त केलं नाही. तू म्हणालास, "जाऊ दे गं, तुझा काय दोष." तेव्हापासून दर नाताळच्या कार्डावर तळाशी लिहितोस, 'तुझ्या पेन्सिलीला माफ केलं.' एकोणीस कार्डं आहेत माझ्याकडे. त्या कपाटात मी दुसरं काही ठेवत नाही.

मंगळवारी मी नव्या पाळकांना तुझं पत्र दाखवलं आणि पेन्सिलीची तीच गोष्ट सांगितली. म्हणाले, "एवढंच ना? मोजणीतली चूक आहे. बुधवारी उभ्या राहून सांगा, वही दुरुस्त करू, त्यांचं नाव कधी निघालंच नव्हतं असं होईल. चुकीवर कोण भांडणार?" म्हणजे एक वाक्य बोलले की तू घरी येतोस. वही काढली. त्या दिवसाचं पान उघडलं. डावीकडे झुकणारं माझं अक्षर, अडतीस आणि सदतीस, आणि खाली माझी सही.

लोवेल, पेन्सिल डाव्या हातात होती. मोजणीत चूक नव्हती. वर गेला तो उजवा हात, रिकामा. शास्त्रासाठी केला म्हटलं तर तेही धड खरं नाही. सगळे बघत होते, ठराव पास होणारच असं वाटलं, आणि तुझी बहीण म्हणून एकटीने हात खाली ठेवायची मला लाज वाटली. तू घरी बसला होतास आणि मला तुझी लाज वाटली. बुधवारी मी वही दुरुस्त करणार नाही. उभी राहून हेच सांगेन, आणि तुझं नाव परत घ्यावं असा नवा ठराव मांडेन. बावीसजणांत पडेलही. पण सभेच्या आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. एक विचारायचंय. माझ्या डाव्या हाताची गाठ तू सोडलीस. मी कोणत्या हाताने लिहिते हे जगात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तू दर नाताळला पेन्सिलीला माफ करत होतास, ते माहीत असून का रे?

तुझीच,
व्हर्ना