गोलकीपर कोणाच्या यादीत

३ ऑगस्ट, सोमवार
बुटांना पुन्हा बुरशी. महिन्याभरात दुसऱ्यांदा पुसले. मैदानावर गुडघाभर गवत, मधोमध तळं, तळ्यात कुणाच्या तरी म्हशी. हॉकीचा हंगाम डिसेंबरात, भांडणांचा मात्र आत्ता.

सकाळी शेठच्या चिक्की कारखान्यामागच्या खोलीत आम्ही नेहमीचे. शेठ म्हणजे आमच्या लोणावळा महिला संघाचे मालक. गायकवाड सर कोच. दांडेकर बँकेतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी हॉकीतले तज्ज्ञ झाले. आणि मी, चौतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे बसलेली, त्यामुळे रांग मोडणाऱ्याला ओळखणारी.

विषय: सहा संघांत पाचवे आलो, आता काय? दांडेकर म्हणाले, "सगळं मोडा, नव्यानं बांधा." म्हटलं, बांधा, पण दार शाबूत आहे ते काढू नका. दार म्हणजे रोहिणी. ती गोलात नसती तर सहा संघांत आपण सातवे आलो असतो. सगळे हसले. दांडेकर सोडून.

रोहिणीची सुपारी फुटली, मुलगा सोमाटण्याचा. तिच्या आईनं औंढ्याहून पेढे पाठवले होते, ते मीच वाटले. शेठनी दोन घेतले.

६ ऑगस्ट, गुरुवार
दांडेकरांनी तक्ता आणला. चार रंगांत. हाताशी वेळ असलेला माणूस फार धोकादायक.

नियम जुनेच. प्रत्येक संघाला सारखे पॉइंट, त्यात सगळा संघ बसवायचा. चार जणी आधीच कायम ठेवता येतात, बाकी लिलावात. घरची मुलगी अर्ध्या पॉइंटांत, बाहेरची पूर्ण. घरची म्हणजे संघाच्या हद्दीत जिचं रेशन कार्डावर नाव आहे ती. हा अर्ध्याचा नियम मी आणि गायकवाड सरांनी भांडून आणला, नाहीतर सहाच्या सहा संघ पुण्याहून भरून आले असते आणि मावळातल्या मुलींनी पाण्याच्या बाटल्या वाहिल्या असत्या.

दांडेकरांना खडकीची तन्वी हवी आहे. फॉरवर्ड. बाहेरची, म्हणजे पूर्ण पॉइंट, म्हणजे अर्धा तक्ता तिच्यावरच.
"ताई, गोल केल्याशिवाय मॅच जिंकता येत नाही."
"आणि गोल खाऊन येते?"

ग्रुपवर दुपारभर जुंपली. कुणीतरी लिहिलं, मावशी, तुमच्या काळची हॉकी गेली. लिहिलं, खरंय, आमच्या काळी फॉरवर्डला परत धावत यायलाही शिकवायचे, नाही आली तर कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिट्टी फेकून मारायच्या. बारा अंगठे आले. दांडेकरांचा नाही.

९ ऑगस्ट, रविवार
रो. आली होती. नवलाख उंब्र्याला कंपनीत पॅकिंगला आहे, रविवारी सुट्टी. मैदान पाण्याखाली, म्हणून आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच सराव. ती पॅड बांधून भिंतीपाशी, मी टेनिसचे चेंडू मारते. खालच्या मजल्यावरचे म्हणतात गाड्यांना लागेल. गाड्यांना लागेल कसं, ती अडवते ना सगळे!
"मावशी, जोरात मारा की. भाकरी खाल्ली न्हाई का आज?"
मारला. खांदा अजून दुखतोय. तिनं डाव्या पायानं सहज बाहेर काढला आणि वर जांभई दिली. शहाणी.

चहा पिताना म्हणाली, लग्न वैशाखात. नणंदेचं आधी, मग यांचं. सासरे आबा बरे वाटले तिला. "म्हणले, संघ घेत आसंल तर खेळ बाई, आमची ना न्हाई. पर संघच न्हाई म्हणला तर घरात पॅड कशाला?" मग हळूच, "ठेवत्यात ना मला यंदा?"
तुला नाही तर कोणाला, म्हटलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
कायम ठेवलेल्या चौघींची यादी ग्रुपवर आली. लीगकडे गेली पण. रोहिणी नाही.

तीनदा वाचली. चष्मा पुसून वाचली. दोन नंबरला एक मुलगी आहे जी मागच्या वर्षी चार सामने खेळली आणि दोनदा स्वतःच्याच स्टिकवर पडली.

खाली दांडेकरांची टीप: "भविष्याचा विचार करून घेतलेला कठोर निर्णय." कठोर! या माणसाला घरात कढीपत्ता कुठे ठेवलाय ते माहीत नाही.

मला आधी कुणी विचारलं नाही. गायकवाड सर फोन उचलत नाहीत.

१५ ऑगस्ट, शनिवार
झेंडावंदनाला तिघेही सापडले. जिलबी हातात असतानाच धरलं.

शेठ म्हणाले, ताई, दांडेकरांनी हिशेब नीट मांडलाय. दांडेकरांनी मांडला: रोहिणी आता सोमाटण्याची. तुळशीचं लग्न झालं की हिचं होणार, हंगामाच्या तोंडावर नाव सासरच्या रेशन कार्डावर जाणार, मग ती आपल्याला घरची राहत नाही, पूर्ण पॉइंट पडणार. शिवाय नवी नवरी, खेळेल कशावरून?
"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"
"तुम्हीच. पेढे कुणी दिले, ताई?"

मी लग्न ठरलं एवढंच बोलले होते. कधी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि यांनी विचारलं नाही. तीन पुरुष, तीन मोबाईल, औंढं इथून हाकेवर. मुलीला एक फोन केला नाही. हातातली जिलबी टाकता येईना, खाता येईना.

सांगितलं, लग्न वैशाखात आहे, तोवर हंगाम संपून तुमचा तक्ता रद्दीत गेलेला असेल. दांडेकरांनी जिलबी संपवली, हात पुसले. मग म्हणाले, "यादी गेली ताई. आता लिलावात बघू."
बघू. बँकेत पण कर्ज नाकारताना हाच शब्द वापरत असतील.

आणि मी. नऊ तारखेला तिनं वैशाख सांगितला तेव्हा यांना सांगायला काय झालं होतं? सुचलंच नाही. चहा गाळत होते.

१८ ऑगस्ट, मंगळवार
रो.ला फोन केला. तिला यादी कळली होती, ग्रुपवरून कुणीतरी पुढे पाठवली.
"का काढलं वो मावशी? काय चुकलं माजं?"
तुझं काही नाही. लग्नाचा घोळ झालाय.
"लगीन? त्यास्नी कुणी सांगितलं?"
मी, म्हटलं. रेंज गेली की तिनं ठेवला, कळलं नाही.

तळेगाव, वडगाव, इतर संघांत रो.ला घेतील का विचारून पाहिलं. सगळ्यांचं एकच. ती लग्न करतेय ना? सोडतेय ना? पंधरा दिवसांत माझे पेढे सगळा तालुका फिरून आले.

दांडेकर आज नव्या बांधणीवर भाषण देत होते. म्हटलं, तुमची फॉरवर्ड तीन करेल आणि समोरच्या पाच करतील, मग तक्त्यात कुठला रंग भराल? शेठ म्हणाले, ताई, जरा हळू, कामगार बघतात. बघू देत.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
सोमाटण्याला गेले. लिहायला लाज वाटते आहे, पण गेले. इतकी वर्षं ज्या संघाला ओरडून ओरडून नामोहरम केलं त्यांच्याच मॅनेजरच्या दारात. वैशाली काळोखे. बाई मिठ्ठास आहे आणि चाकूसारखी आहे.
"या या ताई, आज उलट्या दिशेनं?"

गोलकीपर तिलाही हवी आहे. पण रो. लग्नाआधी तिच्यासाठी बाहेरचीच. "अजून आमची सून न्हाई ना झाली, ताई. पूर्ण पॉइंट कुठून आणू?"

म्हणजे लोणावळा म्हणतं सोमाटण्याची, सोमाटणं म्हणतं औंढ्याची. बसस्टॉपवर दोन्ही बाजूंनी एस.टी. यावी आणि दोन्ही न थांबता जाव्यात तसं.

मग म्हणाली, एक मार्ग आहे. लिलावाआधी कोर्टात सही करा. नाव कार्डावर चढवायचं मी बघते. वाजतगाजत लग्न वैशाखात होऊ दे. ती आम्हाला अर्ध्यात बसते, तिचं खेळणं राहतं, सगळ्यांचं भलं.
मला पटलं. येताना रिक्षात मी चक्क खूश होते.

२२ ऑगस्ट, शनिवार
औंढ्याला जाऊन रो.ला सांगितलं. ओट्यावर बसून तांदळातले खडे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.
"माज्या लग्नाची तारीख तुमच्या लिलावावर ठरायची व्हय?"
मी म्हटलं, अगं फक्त सही, नुसता कागद.
"कागदच म्हणं! त्यानला काय सांगू? आबांना? गोलात हुबं राहायचंय म्हणून आधी नवरा करते? लोक काय म्हणतील ठावं हाय का?"
मग माझ्याकडे न बघता: "त्यांनी मला न विचारता काढलं. तुमी मला न विचारता इकाया गेलता. फरक काय वो मावशी?"

आई मधे पडली, मोठ्या माणसाशी असं बोलू नये म्हणाली. बोलू दे, म्हटलं. 
चहा झाला होता. तो मी घेतला नाही, तिनं आग्रह केला नाही.

२३ ऑगस्ट, रविवार
पार्किंग रिकामं. चेंडू पिशवीत. खालच्या मजल्यावरचे विचारत होते, आज बंद का? गाड्यांचं कौतुक करा, म्हटलं.

दिवसभर चिडचिड. दांडेकरांवर चिडायला घेतलं की गाडी माझ्यावरच येऊन थांबते. त्यांचा तक्ता, माझी रिक्षा. मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी बोलायला शिकले, बुटांना पॉलिश करायला शिकले, सेंटर हाफला कधी पुढे जावं, कधी मागे राहावं ते शिकले. विचारायचं कसं ते कुठल्या इयत्तेत होतं? त्या दिवशी गैरहजर असेन.

२६ ऑगस्ट, बुधवार
तिला मेसेज केला. चार ओळी लिहून तीन पुसल्या. उरली ती: चुकलं माझं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. बरोबर आहे.

वैशालीला फोन करून कोर्टाचं नको सांगितलं. "मुलगी नाही म्हणाली?" म्हटलं, मुलीला मी आधी विचारायला हवं होतं. तिला काही समजलं नाही.

शेठकडे गेले, पण भांडले नाही. एवढंच सांगितलं की लिलावात रो. आज तारखेला आपल्याला अर्ध्यातच पडते, तन्वीवर सगळे पॉइंट उधळू नका, थोडे मागे ठेवा. शेठ म्हणाले, दांडेकरांना सांगा. दांडेकरांना मी सांगणार नाही. मान माझीही ताठ आहे.

३० ऑगस्ट, रविवार
लिलाव. मंगल कार्यालयात, स्टेजवर कालच्या कुणाच्या तरी लग्नाची झिरमिळी तशीच. जेवायच्या सुट्टीत लिहिते आहे, यादीच्या पाठीमागे, संघाच्या टेबलापासून लांब. घरी गेल्यावर वहीत उतरवेन.

तन्वी मिळाली. दांडेकर ठरवल्यापेक्षा पुढे गेले, सोमाटण्यानं मुद्दाम चढवलं. वैशाली माझ्याकडे बघून हसली. मी दातओठ खाल्ले.

रो.चं नाव बाराच्या सुमारास. "रोहिणी, गोलकीपर, औंढे." एकदा. दोनदा. कुणी हात वर केला नाही. आमच्या टेबलावर शेठनी दांडेकरांकडे पाहिलं, दांडेकरांनी तक्त्यात. निवेदक म्हणाला, उरलेल्यांच्या फेरीत.

ती तोवर आलेली नव्हती. आत्ता आली. एकटी, रविवारची जादा पाळी करून थेट, कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर पॅडची पिशवी. मला वाटलं मागे बसेल. सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली, जिथे सगळ्यांना दिसेल. माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, पण पाहिलं. मी जागची उठले नाही. फार उठावंसं वाटत होतं.

आत्ताच दांडेकर इथे येऊन गेले. ताटातला भात तसाच, हातात कॅल्क्युलेटर. रो.ला अर्ध्यात घेण्यापुरतेच पॉइंट आमच्याकडे उरलेत. खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला. "ताई, लग्न नक्की वैशाखातच ना? आणि नंतर खेळेल ना ती? तुम्ही खात्री द्या, मी हात वर करतो."

दोन्हीचं उत्तर मला ठाऊक आहे असं वाटत होतं. जिभेवर होतं.
म्हटलं, "ती समोर बसली आहे. तिला विचारा."
"मी? मी कसं... तुम्हीच विचारून सांगा ना."
"मी नाही."

दांडेकरांनी कॅल्क्युलेटरवर काहीतरी दाबलं. मग उठले. कॅल्क्युलेटर खिशात घातला, परत काढला. पहिल्या रांगेपर्यंत वीस पावलं असतील, वाटेत दोनदा थांबलेत. निवेदक माइक ठोकून बघतोय. तिनं त्यांना येताना पाहिलंय, आणि पिशवी शेजारच्या खुर्चीवरून उचलून खाली ठेवली आहे.