जनामावशीचा साबण

१२ जाने.
नापास. आमची कोळंबीची हॅचरी तपासणीत नापास, आणि तेही माझ्यामुळे. पाच नंबरच्या टाकीतला मग बोलता बोलता सहा नंबरमध्ये बुडवला. तपासणीवाले साहेब समोरच उभे. एकीचा रोग दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येक टाकीचा मग वेगळा, हा नियम भिंतीवर मीच चिकटवलाय! सहा आठवड्यांनी फेरतपासणी. तेव्हाही नापास झालो तर कोळंबीचं बीज बंद, शेड गोदामाला देणार, असं मालक तोंडावर म्हणाले. नऊ माणसं घरी बसतील.

१५ जाने.
जनामावशी टाक्या धुते. खाडीकाठची, शाळेचं तोंड न पाहिलेली. आज घरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या घेऊन आली. प्रत्येक टाकीला वेगळ्या रंगाची चिंधी, त्या टाकीच्या मगालाही तीच. "आता चुकलास त डोले फुटले समजीन." पदवी माझ्याकडे, अक्कल तिच्याकडे.

३ फेब्रु.
समुद्राच्या पाण्याचा टँकर घोडबंदर रोडला चार तास अडकला. मालक फोनवर, "डायरेक्ट टाकीत सोड, वेळ नाही." नाही सोडलं. पाणी शुद्ध करून, तपासून मगच भरणार. मालक चिडलेत. चिडू देत.

२३ फेब्रु.
फेरतपासणी. साहेबांना कल्याण स्टेशनहून रिक्षाने आणलं. खाडीवर डास हे एवढे, साहेबांनी गेटवरच कोपरापर्यंत मलम चोपडलं. औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, नोंदवही पाहिली, मगांच्या चिंध्या पाहिल्या. सगळं ठीक. पिल्लं बघायला सहा नंबरमध्ये हात घालणार, तोच जनामावशी आडवी.
"सायेब, मच्छरांचा मलम लावलाय ना? साबनान धुवून या. माजी पिलां मरतीन."
मी तिला खुणावलं, जाऊ दे म्हणून. लिहायलाही लाज वाटते. ती माझ्यावरच फिरली, "तूच सांगितलास ना, मलमाचा हात टाकीत नको? मंग?"
साहेब लालबुंद. गेले, धुऊन आले. मावशीने चक्क हात हुंगले. "आजून वास येतं." परत गेले! नंतर बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. निकाल नंतर कळवतो म्हणाले.

२४ फेब्रु.
काल वर्तकनगरला घरी सांगितलं. आई हसून म्हणाली, "तुझी खुर्ची दे तिला." द्यायला हवी, खरंच. इतका अभिमान मला माझ्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

६ मार्च
कळवलेलं नाही काही. मावशीने गेटवर दोरीला साबण टांगलाय.
दुपारी मालक आले. "साहेबांना अडवायची काय गरज होती? आता बसा बोंबलत." बोलता बोलता सहा नंबरकडे निघाले. हातांना तेच मलम. मावशी उठली, बोट गेटकडे.
मालकांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी खुणावलं नाही.
"धुवून या, शेठ," म्हटलं.
गेले धुवायला.