सरळ रेषेचा नियम

३ जानेवारी, सकाळी ९
पीएचडीचं सहावं वर्ष. ३१ मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. हरकत नाही, वेळ भरपूर आहे. विषय बायकोला पुन्हा समजावला: मशिनचा वेग वाढवत नेला की पोलाद कापायला जोर किती लागतो, बुरा कसा निघतो. म्हणाली, सहा वर्षं कापताय, अजून तुकडा पडला नाही?

१२ जानेवारी
प्रयोग सुरू. मशिन चालवणारे काका अनुभवी, पण शिक्षण बेताचं. बाप रे, काय तो आवाज! काकांना बजावलं, काहीही करा, आवाज वाढू देऊ नका, माझं डोकं उठतं. बरं म्हणाले. माणसं हाताळणं ही कला आहे. मी यापुढे शेजारच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसणार.

२० जानेवारी
प्रोग्रॅममध्ये वेग मिनिटाला ३००० फेरे. जोर ४१० न्यूटन.
उद्यापासून रोज सहाला उठणे.

२९ जानेवारी
वेग ५०००. जोर ४११!
(आठला उठलो. थंडी.)

६ फेब्रुवारी, दुपार
वेग ६०००. जोर ४१०!! ग्राफवर फूटपट्टीला लाजवेल अशी सरळ, आडवी रेष. म्हणजे वेगाचा जोराशी संबंधच नाही. आजवर सगळं जग चुकत होतं. नियमाला माझं नाव द्यायला हवं. मी सुचवणार नाही, कुणीतरी सुचवेलच.

७ फेब्रुवारी
मार्गदर्शक सर म्हणाले, पुन्हा तपासून बघ. जळतात.

१५ फेब्रुवारी
काका तिन्ही वेगांच्या बुऱ्याच्या तीन पुड्या घेऊन आले. म्हणाले, साहेब, एवढ्या वेगाला बुरा तापून निळा पडायला हवा, हा तिन्हीकडे पांढराच. म्हटलं, काका, हेच तर संशोधन! 'श्वेत बुरा' असं स्वतंत्र प्रकरण लिहायला घेतलं.

२ मार्च
सासऱ्यांनी दारावर लावायला 'डॉ.'ची पितळी पाटी करायला टाकली. नको नको म्हटलं. अक्षरं जरा मोठी ठेवा, एवढंच सुचवलं.

१८ मार्च, सायंकाळी ५
प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाला बाहेरून परीक्षक आले. रेष पाहून म्हणाले, प्रत्यक्ष दाखवा. सगळे मशिनपाशी. ६००० चा प्रोग्रॅम लावला. मशिन किंचाळायला लागलं, तसा काकांनी सवयीने वेगाचा नॉब पन्नास टक्क्यांवर आणला. आवाज बसला. पडद्यावर आकडा: ३०००. ५००० लावले, तर नॉब साठ टक्क्यांवर, म्हणजे तेही ३०००. जवळपास महिनाभर मी एकच वेग तीनदा मोजला.
परीक्षकांनी चष्मा पुसला. सर कडाडले, नॉब कमी करायला कुणी सांगितलं? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. काका म्हणाले, कुणी नाही साहेब, माझेच कान दुखतात.

१९ मार्च
सकाळी सर्वांना कळवायचं ठरवलं होतं की अशिक्षित माणसाच्या हलगर्जीपणामुळे जग एका नियमाला मुकलं. पुरावा म्हणून ही वही उघडली. १२ जानेवारी वाचलं. अक्षर माझंच आहे.
सरांनी काकांना मशिनवरून काढून भांडारात बसवलं. तीस वर्षं त्या मशिनवर होते. मला फार वाईट वाटतंय. सरांना जाऊन खरं सांगायलाच हवं.
उद्या नक्की.

२० मार्च
पाटी आली. अक्षरं खरोखर मोठी आहेत.
सरांकडे सोमवारी जाईन.