मंजुळाबाईंचा दुसरा कारभारी

केळवे,
ता. ६ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. हंसा हिस आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. ओकाऱ्या थांबल्या हे वाचून जीव खाली बसला. सासूबाईंनी बोईसरच्या त्या एका खोलीतून उचलून तुला सिन्नरला नेलं ते बरंच केलं. एकनाथराव कंपनीच्या पाळ्या करतील, की तुला लिंबू कापून देतील? आता सातवा लागला की इकडे ये. लग्न तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत, त्यामुळे आम्ही विहिणी अजून धड चार शब्द बोललेलो नाही. पहिलं बाळंतपण आईकडे, एवढं एक त्यांनी आपणहून मान्य केलं. ते मोडू नये असं वाटतं.

इकडची बातमी म्हणजे मी कारभारी केला. तुझे बाबा गेल्यापासून वाडी एकटीने ओढून पाहिली. सुपारी, नारळ, पानवेल, एकीचं काम नव्हे. श्रावणात एक ठेवला होता. पण तो मला न विचारता भलतेच उद्योग करायचा, म्हणून महिन्याच्या आत घालवला. हा दुसरा. कमलाकांत नाव, शिरगावचा. वय झालंय, पण गडी अजून ताठ आहे. दोन वेळ माझ्याकडे जेवतो, रात्री ओटीवर असतो. तुझ्या काकांना आधी पसंत नव्हतं, आता तेच सकाळी त्याच्याबरोबर पान खायला येतात. कुणी काही विचारलं की तो म्हणतो, बाईंना विचारून सांगतो. पुरुषमाणूस विचारून वागतो याचंच मला नवल. घरात पुन्हा खोकल्याचा आवाज आला, बरं वाटतं.

तब्येतीला जप. सर्वांना नमस्कार सांग आणि आईची आठवण राहू दे.

तुझी आई


सिन्नर,
ता. १३ ऑक्टोबर

ती. गं. भा. आईस हंसाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आई, काय लिहून बसलीस हे? आलेलं पत्र इथे मामंजी ओसरीवर मोठ्याने वाचतात. शेजारच्या बायका बाजरी निवडायला बसलेल्या असतात, त्याही ऐकतात. ‘मी कारभारी केला’ इथे मामंजी थांबले. चष्मा पुसला आणि पुन्हा तेच वाचलं. ‘हा दुसरा’ आलं, तेव्हा बाजरीतले हात थांबले.

इकडे कारभारी म्हणजे नवरा. सासूबाई मामंजींना तशीच हाक मारतात. मला हसू आलं, आणि तिथेच घोटाळा झाला. मग मी वाडीचं, सुपारीचं सगळं समजावलं. सासूबाईंचं म्हणणं, लेक आईचे कारभार झाकते आहे. बाईने दुसरं घर करण्याला त्यांची ना नाही, त्यांच्या आत्याचा पाट लागला होता. पण महिन्यात एक घालवून दुसरा करणारी बाई त्यांनी अजून ऐकलेली नाही. काल त्यांनी शेवटचं सांगितलं, ‘परक्या बाप्याच्या घरात माझी सून बाळंतीण व्हायची नाय.’ आता नाशिकचा दवाखाना बघताहेत.

आई, मला तुझ्याकडेच यायचं आहे. रात्री पोटात हललं की मला भीती वाटते, आणि ते इथे कुणाला सांगता येत नाही. तूच त्यांना लिही. सरळ लिही, गमती नकोत. आणि कृपा करून कारभार हा शब्द पुन्हा घालू नकोस.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझी हंसा


केळवे,
ता. १७ ऑक्टोबर

सौ. हिराबाई विहीणबाई यांस मंजुळाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

हंसाने तो शब्द लिहू नको म्हणून बजावलं आहे. पण ज्याने भांडण लावलं त्याला बाहेर ठेवून भांडण कसं मिटायचं?

मी वाचनालयातला कोश काढला. कारभार म्हणजे राज्य चालवणं, कारभार म्हणजे धंदा सांभाळणं, कारभार म्हणजे भानगड. आणि कारभार आटोपला म्हणजे माणूस संपला. इतकं सगळं त्या एका शब्दाच्या पोटात. आमच्याकडे कारभारी म्हणजे वाडी बघायला ठेवलेला माणूस. माझ्या यजमानांना मी तसं म्हटलं असतं, तर आता काही काम सांगेल म्हणून ते समुद्रावर निघून गेले असते. त्यांनी जन्मभर पानवेलीवर जीव लावला. बाकी घर, माणसं, सोयरेधायरे मी पाहिले. तेव्हा आमच्या घरातली कारभारी मीच.

कमलाकांतची बायको नवसी शिरगावला असते. तिच्या कानावर हे गेलं, तर ती हसून हसून खाली बसली आणि मला म्हणाली, ‘ठेवून घ्या बाय, पन परत नका पाटवू.’ कमलाकांत मात्र रुसला. दोन दिवस ओटीवर चढला नाही, पायरीवर बसून जेवला.

गमती नकोत असं लेकीने लिहिलं होतं, तरी झाल्या. आता सरळ लिहिते. मला नवरा एकच होता. तो गेला. त्याची जागा तशीच आहे, तिथे कुणी बसलेलं नाही. माझी मुलगी माझ्याकडे पाठवा.

कमीजास्त पोटात घालून सोयरीक गोड ठेवावी.

आपली,
मंजुळा


सिन्नर,
ता. २२ ऑक्टोबर

गं. भा. मंजुळाबाई इहीणबाई यांना हिराबाईचा रामराम.

(आई, सासूबाई बोलतात तसंच लिहिते आहे. समोर बसल्या आहेत. – हंसा)

तुमचं पत्र आमच्या कारभाऱ्यांनी वाचलं. परत नका पाठवू, हे वाचताना त्यांचा आवाज बसला. मी म्हणलं, वाचा पुढं. आमच्याकडं कारभारी म्हणजे ज्याला कारभारातलं काहीच इचारायचं नसतं तो. तुमच्याकडचा इचारून वागतो, आन् नाही पटला तर महिन्यात घालवता येतो, हे ऐकून आमच्या आळीतल्या बाया तुमच्या गावाची एसटी कोणती ते इचारू लागल्यात.

मी चुकले असं म्हणायची नाही. शब्द तुमचाच होता. पण शेवटचं तुम्ही लिहिलं, ते मी दोनदा वाचायला लावलं. मग बाजरी तशीच ठेवून बाया उठून गेल्या.

दिवाळी झाली की सुनेला मीच घेऊन येते. चार दिस राहीन. कारभारी बघायला नव्हं, तुम्हाला बघायला.

एक इचारते, राग धरू नका. तुम्ही त्यांना कारभारी म्हणत नव्हत्या, तर हाक काय मारीत होत्या?

जीव लावावा.

हिराबाई


केळवे,
ता. २८ ऑक्टोबर

सौ. हिराबाई यांस मंजुळाचा नमस्कार, वि. वि.

या. चार दिवसांनी कसं भागेल, सवडीने या. नाशिकहून जव्हारमार्गे पालघरला एसटी येते. घाटात हिसके बसतात, हंसासाठी पुढची जागा धरा. एकनाथराव बोईसरहून पालघरला येतील, कमलाकांतही स्टँडवर उभा असेल. त्याला भाऊ म्हणा. दुसऱ्या नावाने हाक मारलीत, तर तुमच्या पिशव्या टाकून तो शिरगाव गाठेल. हंसाची खोली सारवून झाली. सुईणबाई दोन घरं टाकून राहतात, आणि दवाखानाही जवळ आहे, काळजी नसावी.

हाकेचं विचारलंत. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. मी नुसतं ‘ऐकलं का’ म्हणायची. ते कुठेही असोत, पानवेलीतून ओ यायची.

अजूनही भात उतरवला की तोंडातून निघून जातं. ओटीवरून कमलाकांत ओ देतो. मी म्हणते, तुम्हाला नाही. त्यावर तो काही विचारत नाही, उठून वाडीत एक फेरी मारतो आणि मी वाढेपर्यंत आत येत नाही. श्रावणातल्या त्या पहिल्याला हे कधी जमलं नसतं. म्हणून हा कारभारी मी ठेवला आहे.

लवकर निघा. बाकीचं दोघी समोरासमोर बसून बोलू. असाच स्नेह राहावा ही विनंती.

आपली,
मंजुळा