दोन दांड्या

आबा, काल मी लातुरात एका गाडीचा गिअर बसवला. खालचा गिअर, पायाजवळून वर येणारा, त्या बिलोलीच्या डॉक्टरच्या गाडीला होता तसाच. मूळच्या गाडीला गिअर स्टेरिंगजवळ असतो, तो काढून हौशी लोक बाहेरून हा सेट आणून घालतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तवा मी अकरा वर्षांची होते. आता एकोणीस संपून राहिलं. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. मला लिहायला जमत न्हाई, सहावीतच शाळा सुटली, पण बोलायला तर त्याहून जमत न्हाई.

तुमची काम करायची तऱ्हा मी कुठंच दुसरीकडं बघितली न्हाई. नायगावला स्टँडमागं लिंबाखाली गोणपाट आंथरायचे, अन्‌ गाडीतून जे निघंल ते त्याच्यावर डावीकडून उजवीकडं मांडत जायचे. वायसर, स्प्रिंग, वाटी, दांडी, पिन. बसवताना उलटं, उजवीकडून डावीकडं. तुम्ही गाडीखाली पडून फक्त हात बाहेर काढायचे, न बघता उचलायचे. मी विचारलं होतं, बघत कामून न्हाई. तुम्ही म्हणले, मांडताना बघितलंय ना, मंग आता कशाला बघायचं. गोणपाटाला कुणी शिवायचं न्हाई, आईनं बी न्हाई. मला तर ते देवघरावानीच वाटायचं.

त्या साली पाणी कुठंच नव्हतं. टँकर दोन दिवसाला यायचा अन्‌ बाया सकाळपासूनच घागरी, हंडे, डबे लायनीत लावून ठेवायच्या, थेट तुमच्या लिंबापसून. लातूर नवा जिल्हा झाला होता. मामानं तिथं गॅरेज टाकलं होतं अन्‌ निरोप धाडला होता, साहेब लोकांच्या गाड्या येऊन राहिल्या, मला हात कमी पडून राहिला, तुम्ही या. तुम्ही आईला म्हणले, ही डॉक्टरची गाडी हातावेगळी करतो अन्‌ निघतो. आईनं भांडी बांधायला बी काढली होती. तुम्हाला इतकं खुश मी कधी बघितलं नव्हतं. गिअर सारखा निसटायचा म्हणून तुम्ही तो सगळा खोलला, राकेलात धुतला, मांडला, अन्‌ बाजारात नव्या पिना आणायला गेले. मला म्हणले, बस इथं, ध्यान दे.

तेवढ्यात टँकर आला. सगळी गल्ली पळत सुटली, एकीचा पाय गोणपाटाच्या कोपऱ्यावर पडला, अन्‌ मला काहीच सुचलं न्हाई. मी गोणपाट चारी कोपऱ्यानं उचललं अन्‌ भिंतीकडं नेलं. आत सगळं खळखळलं. गर्दी पांगल्यावर मी ते परत जाग्यावर आणून मांडलं. मला सगळं पाठ होतं आबा. वायसर, स्प्रिंग, वाटी, सगळं तसंच. फक्त त्या दोन दांड्या. दिसायला सारख्या, एक दुसरीहून बोटभर लांब. कुठली आधी, तेच आठवंना. मी बराच वेळ दोन्ही हातात धरून उभी होते. मंग ठेवल्या. तुम्ही आले, गोणपाटाकडं एक नजर टाकली, चांगलं ध्यान ठेवलंस गं म्हणले, अन्‌ गाडीखाली गेले.

बसवून झाल्यावर तुम्ही गाडी चालू केली, गिअर पहिल्यात टाकला अन्‌ क्लच सोडला. गाडी मागं गेली. टँकर निघून गेला होता, पण ज्यांना पाणी पुरलं न्हाई त्यांची भांडी तशीच लायनीत होती. पितळेचे हंडे दबून गेल्याचा आवाज मला अजून बी येतो. बाया धावल्या. शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणली, “मिस्त्री, लातूरला निघालते न्हवं? गाडी तर उलटी बिलोलीकडं पळून राहिली तुमची.” सगळे हसले. रागात होते तरी हसले. तुम्ही हसले न्हाई. तुम्ही गाडीखाली गेले, लई वेळ तिथंच राहिले, अन्‌ बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं.

“गोणपाटाला कुणी हात लावलता का?”

मी मान हलवली. न्हाई म्हणून. तुम्ही ओरडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला अन्‌ म्हणले, “मंग माझीच नजर गेली.”

ज्यांची भांडी चेपली त्यांच्या घरी तुम्ही चार दिवस सायकलवर लांबच्या विहिरीचं पाणी पोचवलं. डॉक्टरची गाडी नांदेडच्या मिस्त्रीकडं पाठवून दिली. मामाला कळवलं, येत न्हाई, माझ्यावर कुणाची गाडी सोडू नका. आई भांडली, रडली, तुम्ही ऐकलं न्हाई. पाने, पकडी पोत्यात घालून माळ्यावर टाकल्या अन्‌ रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. आई बी गेली, म्हणून पाणी भरायला मी घरी राहिले. मला रोज वाटायचं, आज सांगते. तुम्ही संध्याकाळी यायचे, अंगावर पांढरी धूळ, डोळे लाल, अन्‌ मी ताटात भाकर ठेवून बाजूला सरकायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्हाला खडीवरच ऊन लागलं. दवाखान्यात दोन दिवस होते तुम्ही. तिथं बी मी उशाला बसले होते. तिथं बी न्हाई सांगितलं.

मंग मामानं आम्हाला इकडं आणलं. काल तसाच सेट आला तर मामा कटाळला होता, मी म्हणले बघू का. गोणपाट आंथरलं, मांडलं, वाटीत ग्रीस भरलं, दांड्या दहादा एकमेकीला लावून मोजल्या. मामानं पहिला टाकला. गाडी पुढं गेली, चार हात, सरळ. मी भिंतीकडं तोंड केलं.

मामा म्हणला, “कुणाकून शिकली?”

“आबाकून.”

“हात सोन्याचा होता त्यांचा,” मामा म्हणला. “पण शेवटाला नजर गेली बघ. त्यानंच खचले.”

आबा, तुमची नजर गेली नव्हती. तुम्ही मांडलं होतं ते बरोबर होतं, तुम्ही उचललं ते बी बरोबर. मधी दांड्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. हे तुम्हाला सांगायचं होतं. अन्‌ हे बी, की काल मामा तसं म्हणला तवा माझ्या तोंडून होकारच निघाला, हाव.

आई डाळमिलहून आलीय, माझ्या बाजूलाच पाय चेपून राहिली. तिला वाचता येत न्हाई. ती अजून बी लोकांना तुमच्या डोळ्यांचंच सांगती. आता तिनं विचारलं, एवढं काय लिहून राहिलीस गं.

काही न्हाई, म्हणले.